माडाला नंबर, माणसाला परमिट

कोकणातल्या माडाला एके काळी नंबर असे. नंबर असलेला माड म्हणजे ज्याची माडी काढायला सरकारची परवानगी आहे असा माड. नंबर नसलेल्या माडावर भंडारी कोयता कमरेला खोचून चढला, तर तो गुन्हेगार. माड आपल्या परसातला, आजोबांनी लावलेला, पाणी आपण घातलेले. पण त्याच्या पोयीतून थेंब थेंब गळणारा रस कोणाचा, याचा निकाल कलेक्टरच्या कचेरीत लागे.

आपल्या बेटावरच्या मराठी घरांत कोकणची आठवण निघते ती गणपतीच्या दिवसांत, झाकरीच्या गाण्यांत, किंवा रत्नागिरी-सावंतवाडी ही नावे घेऊन एखादे वृद्ध गृहस्थ बोलू लागतात तेव्हा. त्या आठवणीत माड असतो, समुद्र असतो, देऊळ असते. दारूचा कारभार नसतो, आणि नसावा हेही बरे. परंतु ज्या गावांहून आपले पूर्वज जहाजावर चढले, त्या गावांचे गेल्या दीडशे वर्षांचे सुखदुःख समजून घ्यायचे तर या कारभाराची हकीकत टाळता येत नाही. दारू चांगली की वाईट, हा वाद येथे घालायचा नाही. त्यावर कीर्तनकार, डॉक्टर आणि गृहिणी यांनी पुरेसे सांगितलेले आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने १९१९ सालापासून मराठी माणसाला पिणाऱ्याचे घर कसे बुडते ते रंगभूमीवर दाखविले. येथे पाहायचे आहे ते दुसऱ्याच माणसाकडे, म्हणजे विकणाऱ्याकडे. आणि तो विकणारा, किंवा विकण्याची सनद देणारा, सरकार असते तेव्हा काय होते, याकडे.

‘आबकारी’ हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी. दारूवरच्या सरकारी उत्पन्नाला हे सोज्वळ नाव मोगलाईपासून चालत आले. इंग्रजांनी नाव ठेवले आणि पद्धतही बरीच वर्षे तीच ठेवली: एखाद्या मुलुखात दारू गाळण्याचा व विकण्याचा मक्ता लिलावात काढायचा, सर्वांत मोठी बोली करणाऱ्याला तो द्यायचा, आणि पुढे त्याने लोकांकडून आपले पैसे कसे वसूल केले याची फारशी चौकशी करायची नाही. गावोगाव लहान भट्ट्या होत्या. किनाऱ्यावर माड आणि ताड, आत डोंगरपट्टीत मोह. किनाऱ्यावरचा भंडारी झाडावर चढून रस काढी. ताजा असेल तेव्हा तो गोड, दुपारपर्यंत आंबून त्याची माडी किंवा ताडी होई, आणि घरच्या भट्टीवर गाळला तर त्याचीच कडक दारू. आतले वारली, ठाकूर, कातकरी चैत्रात मोहाची फुले वेचून वाळवीत. ती फुले भुकेच्या महिन्यांत खाण्यासाठीही लागत, आणि लग्नकार्यात, देवाच्या नैवेद्यात मोहाच्या दारूचे चार थेंब धरतीला दिल्यावाचून पुढे जायचे नाही अशी रीत होती.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला आणि हे चित्र बदलले. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी होते. जकात, मीठ, अफू आणि आबकारी अशी चारही खाती त्यांच्या हाताखाली. या चार खात्यांची जोडी कशी जमली असेल, हे वाचकांनीच पाहावे. ज्या वस्तू गरिबाला रोज लागतात किंवा ज्यांची सवय सुटत नाही, त्यांवरचा पैसा एका टेबलावर यावा, हाच त्यातला हिशेब. प्रिचर्डसाहेबांची योजना साधी होती. शंभर ठिकाणच्या शंभर भट्ट्यांवर पहारा ठेवता येत नाही. तेव्हा त्या बंद कराव्यात, दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत सरकारी शिपायांच्या डोळ्यांदेखत गाळावी, कारखान्याच्या दारातून पिंप बाहेर पडताना गॅलनमागे कर घ्यावा, आणि मगच ती परवान्याच्या दुकानांत जावी. मुंबईसमोरच्या उरणला मोहाची दारू गाळणारे कारखाने होते, बहुतेक पारशी मालकांचे. त्या उरणची दारू आता कोकणपट्टीत सरकारी शिक्क्याने जाऊ लागली.

अडचण होती ती माडीची. माडी कारखान्यात होत नाही, ती झाडावर होते. ती साठवता येत नाही, लांब नेता येत नाही, गॅलनने मोजून कर घ्यावा तर तोवर ती आंबून फुकट जाते. मग कर घ्यायचा कशावर? झाडावर! झाड पळत नाही, लपत नाही, मोजता येते. म्हणून माडाला नंबर आला. कर वाढत गेला तसा भंडाऱ्यांचा धंदा खचत गेला. उत्तर कोकणात, वसई-माहीमच्या बाजूला, त्यांनी अर्ज केले, तक्रारी केल्या, झाडे न चढता पडू दिली. किनाऱ्यावरच्या माणसाला परसातली माडी महाग आणि उरणची मोहाची दारू सुलभ, अशी स्थिती झाली. हलके पेय मागे पडले आणि कडक पेय पुढे आले. आणि हे घडले ते लोकांनी मागितले म्हणून नव्हे, तर कडक दारू मोजायला सोपी होती म्हणून. कारकुनाची सोय माणसाच्या सवयी कशा घडविते, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

गोव्याचेही या जाळ्यातून सुटले नाही. त्याच १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मीठ आणि आबकारी या दोन्ही बाबतींत गोव्यात ब्रिटिश हद्दीतल्यासारखीच व्यवस्था आली, आणि तिकडच्या रेंदेरांना, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्यांना, इकडच्या भंडाऱ्यांसारखेच दिवस आले. १८९२ साली तह संपला, पण आबकारीची चव एकदा चाखलेले सरकार ती सहज सोडत नाही.

१८९२ हेच साल डोंगरपट्टीतल्या लोकांना वाईट गेले. त्या साली मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमविणे, बाळगणे, विकणे यांवर निर्बंध आले. दारू नव्हे, फूल! जंगलात आपोआप पडणारे, जनावरेही खातात ते फूल घरात सापडले म्हणून माणूस कचेरीत उभा राहू लागला. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज याच्या आधीच समुद्र ओलांडून उसाच्या मळ्यांत पोहोचले होते. त्यांना येथे वेगळीच कथा भेटली. ऊस आहे तेथे मळी, मळी आहे तेथे रम, आणि रम आहे तेथे मजुराचा पगार किती दिवस टिकतो, हे या बेटावरच्या कोणत्याही जुन्या घराला सांगायला नको.

आबकारी खात्याचे एक ब्रीद होते: कमीत कमी खपातून जास्तीत जास्त उत्पन्न. ऐकायला ते निर्मळ वाटते. दारू महाग केली की लोक कमी पितील आणि सरकारला पैसाही मिळेल, यात चूक कोणती? चूक अशी की, या दोन गोष्टी एकाच खात्याच्या एकाच वहीत लिहिल्या जात. खप कमी झाला याची नोंद करणारा अधिकारी आणि उत्पन्न वाढले म्हणून बढती मिळवणारा अधिकारी एकच. दोन्हींत तंटा झाला तर कोण जिंकणार, हे उघड आहे.

हे उघड आहे हे त्या काळच्या मराठी माणसांनीही ओळखले. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार केली. दुकानाचे उत्पन्न वरच्या सरकारला आणि दुकानापुढची घाण, भांडणे, उपाशी बायकामुले मात्र नगराच्या वाट्याला, अशी ही विभागणी होती. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. सरकारने त्यांच्यावर खटले भरले. दारू न पिण्याची विनंती हा गुन्हा कसा, असे आज कोणी विचारील. पण सनदशीर दुकानाच्या धंद्यात अडथळा आणणे म्हणजे सरकारच्या उत्पन्नात अडथळा आणणे, आणि हे सरकारला चांगलेच समजत होते.

त्याहूनही विलक्षण गोष्ट १९२२ सालची. पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत एका देवीची पूजा सुरू झाली. देवी अंगात येई आणि सांगे, दारू सोडा, स्वच्छ राहा. ही लाट जव्हार, नाशिक, धरमपूर अशी डोंगरांतून पुढे सरकत सुरत जिल्ह्यापर्यंत गेली, आणि हजारो आदिवासींनी दारूला व दारूच्या दुकानदारांना पाठ दिली. कोणी पुढारी त्यांना भेटायला गेला नव्हता. गांधींचे नाव मागाहून तेथे पोहोचले. ज्यांना सरकार ‘दारूबाज जात’ म्हणून दफ्तरात नोंदवीत होते, त्यांनीच दुकान ओस पाडले. सर्वत्र ते टिकले नाही, हेही खरे.

आणि योगायोग असा की, त्याच १९२२ साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, स्वीडनमध्ये, सबंध राष्ट्राला विचारले गेले: दारूबंदी हवी की नको? तेथील गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण सरकारने स्वतः दारू विकण्याचा पुरा प्रयोग पाहायचा तर तो तेथेच पाहावा.

स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराने १८६५ साली एक युक्ती काढली. दारूच्या दुकानांचा परवाना खासगी माणसाला न देता एका कंपनीला द्यायचा. त्या कंपनीच्या भागीदारांनी वर्षाला शेकडा पाचच नफा घ्यायचा. उरलेला पैसा शहराच्या कामासाठी. म्हणजे एक पेला जास्त खपला म्हणून कोणाच्या खिशात जास्त पडायला नको. कल्पना इतकी चांगली की युरोपभर तिचे नाव झाले. पण थोड्याच वर्षांत दिसून आले की, भागीदारांचा लोभ आवरला तरी नगरपालिकेचा सुटला आहे. रस्ते, दिवे, बागा दारूच्या पैशावर होऊ लागल्यावर खप घटावा असे मनापासून कोणाला वाटेना. तेव्हा इव्हान ब्रात नावाच्या स्टॉकहोमच्या एका डॉक्टराने पुढचे पाऊल टाकले. १९१७ पासून देशभर प्रत्येक पिणाऱ्याला एक पुस्तिका मिळाली. आपले रेशनकार्ड असते तशी. एका ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचे, घेतले की शिक्का मारायचा, महिन्याला ठरलेल्या लिटरांच्या वर नाही. कर्जबाजारी असाल, बायकोला मारता अशी तक्रार असेल, तर पुस्तिका बंद. लग्न झालेल्या बाईला पुस्तिकाच नाही. नवऱ्याच्या पुस्तिकेत तिचा वाटा आला, असे धरले जाई.

१९२२ च्या मतदानात बंदी थोडक्यात हरली. विरोधात सुमारे ५१ टक्के, बाजूने ४९. पण तेथे स्त्री-पुरुषांची मते वेगवेगळी मोजली गेली, म्हणून आज आपल्याला कळते की पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के बंदीच्या विरुद्ध होते आणि स्त्रियांपैकी सुमारे ५८ टक्के बंदीच्या बाजूने. पुस्तिका १९५५ साली रद्द झाली आणि सर्व दुकाने एकाच सरकारी कंपनीकडे आली. ती दुकाने आजही आहेत. कडक दारू बाटलीने घरी न्यायची तर मुख्यतः तेथूनच, वीस वर्षांखालील माणसाला नाही, रविवारी बंद, ‘दोन घ्या एक फुकट’ असला प्रकार नाही. पिणाऱ्यांना ही दुकाने कंटाळवाणी वाटतात, आणि कंटाळवाणे असणे हाच त्यांचा उद्देश आहे.

आता मुंबईकडे परत येऊ. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. डॉक्टर गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री, स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यातल्या पारशी मंडळींचा रोष त्यांच्यावरच. ते मंत्रिमंडळ लवकरच गेले. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सबंध राज्यात बंदी आली. आबकारीचे कोट्यवधी रुपये सोडून देण्याची ही तयारी होती, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पैशाच्या खात्याने पैसा नाकारला असे इतिहासात वारंवार घडत नाही.

परंतु कायद्याला एक दार ठेवले होते. त्याचे नाव परमिट. परदेशी पाहुण्याला परमिट, वकिलातीतल्या माणसाला परमिट, आणि ज्याची प्रकृती दारूवाचून बिघडेल असे डॉक्टर लिहून देईल त्यालाही परमिट. मुंबईच्या भल्या वस्तीतील कित्येक धट्टेकट्टे गृहस्थ रातोरात रोगी झाले. गिरणी कामगाराला मात्र डॉक्टरचा दाखला कोठून मिळणार? त्याच्यासाठी हातभट्टी होती. गूळ, नवसागर आणि हाताला लागेल ते. धारावीच्या खाडीच्या कडेला, चाळीच्या मागे, आणि ‘आंटी’च्या घरातल्या मागच्या खोलीत. पुढे मुंबईत ज्यांची नावे दहशतीने घेतली गेली, त्या वरदराजन मुदलियारसारख्यांचे पहिले भांडवल या गावठी दारूतूनच उभे राहिले.

कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. बालसरा नावाच्या मुंबईच्या एका गृहस्थांनी अर्ज केला की, व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर, औषधी वाईन, यांबरोबर ओ-द-कोलोन व लव्हेंडर वॉटर वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा. १९५१ साली निकाल लागला. दारूबंदीचा मुख्य भाग कोर्टाने उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि अत्तरे यांवरची बंदी अवाजवी ठरविली. अत्तरवाल्यांना न्याय मिळाला. औषधांच्या दुकानांत मात्र काही टिंक्चरांना भलतीच मागणी येऊ लागली.

१९६० साली राज्य दुभंगले. गुजरातने बंदी ठेवली, ती आजतागायत. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीपुरती तिला फट पाडली, तेवढेच. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९६३-६४ च्या सुमारास, परमिटे सढळ झाली, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने पुन्हा राजरोस आली. पण गंमत ही की, १९४९ चा कायदा रद्द झाला नाही! आजही महाराष्ट्रातील प्रत्येक दारूचे दुकान, प्रत्येक कारखाना, प्रत्येक बार हा ‘दारूबंदी’ कायद्याच्या कलमांखाली चालतो. बारला लोक ‘परमिट रूम’ म्हणतात ते म्हणूनच. पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे नियमात अजून आहे. एका दिवसाचा घ्या, वर्षाचा घ्या, नाहीतर जन्मभराचा घ्या. आणि त्या परवान्यावर कारण असते ते प्रकृती राखण्याचे. बिअर-वाईनला एकवीस वर्षे पुरी हवीत, कडक दारूला पंचवीस. परवाना खिशात ठेवून पिणारे किती, हे एखाद्या परमिट रूमच्या वेटरला विचारावे, तो हसेल.

मी याला ढोंग म्हणत नाही, कारण ढोंगाला निदान कोणाला तरी फसवायचे असते. येथे कोणीच फसलेले नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात सरकारने दारूबंदीसाठी झटावे असे लिहिले आहे. दुसरीकडे २०१७ साली देशभर वस्तू व सेवा कर आला, तेव्हा पिण्याची दारू त्यातून मुद्दाम बाहेर ठेवण्यात आली, कारण एकाही मोठ्या राज्याला हे उत्पन्न दिल्लीच्या हाती द्यायचे नव्हते. २०२० च्या मे महिन्यात, करोनाची टाळेबंदी चालू असताना आणि देवळे बंद असताना, दारूची दुकाने उघडली ती याच कारणाने. रिकामी तिजोरी भरण्याचा याहून जवळचा रस्ता मंत्र्यांना सापडला नाही.

तामिळनाडूत सरकार नुसता परवाना देऊन थांबत नाही. १९८३ साली काढलेल्या सरकारी कंपनीकडे २००३ पासून सगळी किरकोळ दुकानेही आली. दुकान सरकारचे, गल्ल्यावर बसलेला माणूस सरकारच्या पगाराचा. पाटी पाहिली तर स्वीडनसारखीच व्यवस्था! पण स्वीडनने दुकान हाती घेतले ते गिऱ्हाईक कमी करण्यासाठी, आणि तामिळनाडूत गल्ल्यातील रक्कम हीच मुख्य झाली. सरकारी दुकान ही काही जादू नाही. ते कोणत्या हिशेबासाठी उघडले, हे पाहावे लागते. आपल्या बेटावर सरकार स्वतः दुकान चालवीत नाही; परवाना देते, कर घेते, अठरा वर्षांखालच्यांना विकू नका म्हणते. म्हणजे आपला हिशेब महाराष्ट्राच्याच जातीचा. आणि तिलांबिकची भट्टी कोठे लागते, का लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हातभट्टी समजावून सांगावी लागणार नाही.

कर वाढला, की गरीब माणूस दोहोंपैकी एक करतो: कमी पितो, किंवा स्वस्त विष पितो. १९९१ च्या अखेरीस विक्रोळीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने नव्वदांवर माणसे गेली. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही वेळा बंदी नव्हती. परवान्याची दुकाने हाकेच्या अंतरावर उघडी होती. पण ज्याच्या खिशात दिवसाच्या मजुरीतले थोडेसेच रुपये, त्याला परवान्याची बाटली परवडत नाही. मेलेले सारे असेच: हमाल, रिक्षावाले, बिगारी. दारूचे धोरण ठरविणाऱ्यांच्या घरातला एकही नाही.

बंदीचेही काम सोपे नाही. वर्धा जिल्ह्यात गांधींच्या नावाने बंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून १९९३ साली ती आणली, आणि तेथे ती मागणाऱ्यांत आदिवासी बायका पुढे होत्या. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली, २०२१ साली सरकारने ती उठविली. चोरटी दारू वाढली, असे उठविताना सांगण्यात आले. ते खरेही असेल. पण चोरटी दारू वाढली म्हणून बंदी उठविणाऱ्या सरकारला मालवणीनंतर परवाने बंद करावेसे वाटले नव्हते, हे लक्षात राहते.

या सगळ्या दीडशे वर्षांत एक प्रश्न कचेरीने क्वचितच गावाला विचारला: तुमच्या गावात दुकान हवे का? मद्यपान-निषेधाची चळवळ करणारी जुनी मंडळी हेच मागत होती. महाराष्ट्रात ते आता काही अंशी मिळते, आणि ते मिळविले खेड्यांतल्या बायकांनी, मोर्चे काढून, दुकानापुढे बसून. नियम असा की, गावातील स्त्री मतदारांपैकी चौथा हिस्सा बायकांनी सही-अंगठ्याने मागणी केली, तर सरकारने गुप्त मतदान घ्यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. अनेक गावांत बाटली आडवी झाली. गावच्या पुढाऱ्यांची दुकानदाराशी ऊठबस असताना, घरचा पुरुष रागावलेला असताना, बायका रांगेत उभ्या राहिल्या.

त्यातही एक मेख आहे. आमदाराच्या निवडणुकीत जितके मतदान झाले त्यात ज्याला जास्त मते तो निवडून येतो. आडव्या बाटलीला तसे नाही. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीत नावे असलेल्या सर्वांच्या निम्म्याहून जास्त मते तिला लागतात. समजा, यादीत सहाशे बायका आहेत. तिनशे बाहेर पडल्या, दोनशे ऐंशींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, वीस जणींनी उभीवर. तरी दुकान चालूच राहते, कारण तीनशे एक हवे होते. बाळंतपणाला माहेरी गेलेली, ऊसतोडीला परमुलखात गेलेली, मुंबईला मुलाकडे राहणारी, आणि मरण पावली तरी जिचे नाव अजून यादीतून खोडलेले नाही ती म्हातारी, या सगळ्याजणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून ज्या गावात मतदान लागते तेथल्या बायका भाषणे करीत बसत नाहीत. त्या आधी मतदार यादी आणतात, एकेक नाव वाचतात, कोण कोठे आहे ते विचारतात, आणि एसटीचे भाडे कोण देणार ते ठरवतात.